ड्रिलची बॅटरी रात्री चार्जिंगला असताना वितळली. दुसरी वापरू का?

बालवाडीची_ताई (वारजे)

नमस्कार मंडळी. मी वारज्यात घरीच छोटी बालवाडी चालवते आणि गेली दोन वर्षं गॅलरीत थोडंफार सुतारकाम करते. सध्या मुलांसाठी १४ स्टुलं करायला घेतली आहेत, १० इंच उंचीची. जूनच्या आत व्हायला हवीत. पण परवा रात्री जे झालं त्यानंतर ड्रिलला हात लावायचा धीर होत नाही, म्हणून सगळं नीट लिहिते.

माझं ड्रिल बॅटरीवरचं आहे, २१ व्होल्टचं. पेटीत दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर आला होता. फेब्रुवारीत चार्जरची वायर पिनेपाशी तुटली. एका दुकानात नेली तर त्यांनी खणातून एक अडॅप्टर काढला, बॅटरीत पिन घालून बघितली आणि "बसतंय बघा" म्हणून हातात दिला. १८० रुपये. त्यावर २४ व्होल्ट, २ अँपिअर असं लिहिलंय, ते मी काल पहिल्यांदा वाचलं. जुन्या चार्जरवर लाल दिवा लागायचा आणि बॅटरी भरली की हिरवा व्हायचा. नव्यावर एकच हिरवा दिवा, लावल्यापासून काढेपर्यंत तसाच. भरली कधी ते कळायचंच नाही, म्हणून मी रात्री लावून सकाळी काढत होते. दोन महिने काही झालं नाही.

परवा दुपारभर स्क्रू मारले. बॅटरी हाताला चांगली गरम लागत होती. रात्री अकराला, काम थांबवल्या थांबवल्या, ती तशीच चार्जिंगला लावली. जागा नेहमीची, बेडरूममधल्या लाकडी कपाटावर. शेजारी उन्हाळ्यात घड्या करून ठेवलेल्या गोधड्या. दीडच्या सुमारास सासूबाईंनी हाक मारून उठवलं, त्यांना वास आला होता. जळका नव्हे, गोडसर, नेलपॉलिश काढायच्या लिक्विडसारखा, आणि घशाशी खवखवणारा. बॅटरीची एक बाजू मऊ पडून आत वाकली होती आणि बारीक 'सूंऽऽ' असा आवाज येत होता. मी बटण बंद केलं, उलथन्याने ती लोखंडी कढईत ढकलली आणि कढई गॅलरीत नेऊन ठेवली. पेटली नाही. कपाटाच्या सनमायकावर तळहाताएवढा पिवळा डाग पडलाय. खालच्या गोधडीच्या काठाचा दोरा कडक होऊन तुटायला लागलाय. ती गोधडी माझ्या आजीच्या लुगड्यांची आहे. मुलगी त्याच खोलीत झोपली होती. हे लिहितानाही हात थरथरतोय.

आता घरात एकच म्हणणं, ते ड्रिल टाकून दे. मला ते टाकायचं नाहीये, पण नक्की काय चुकलं ते समजल्याशिवाय वापरायचंही नाहीये. दुसरी बॅटरी गणपतीपासून खणात पडून आहे, म्हणजे सात महिने. मल्टिमीटर लावला तर ११.६ व्होल्ट दाखवतो. ती चार्ज करून वापरता येईल का? आणि ही गॅलरीतली जळकी बॅटरी टाकायची कुठे? आणखी एक. प्लाय कापायला कटर घ्यायला गेले होते, तर चार इंची ग्राइंडरला लाकडाची दातेरी पाती लावून देतो, स्वस्तात होईल, असं एकाने सांगितलं. घेऊ का?

आर्मेचर_१९९६ (रविवार पेठ)

ताई, दुकान उघडायच्या आधी तुमची पोस्ट वाचली आणि दोन गिऱ्हाइकांना थांबवून हे लिहितोय. मी १९९६ पासून बोहरी आळीच्या मागे मोटर रिवाइंडिंग करतो. आधी आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) आणि कार्बन ब्रश एवढंच काम होतं. हल्ली बॅटऱ्याच जास्त येतात.

पहिल्यांदा ती जळकी बॅटरी. गॅलरीत वाळत घातलेले कपडे, चपला, खोकी यांच्यापासून ती लांब घ्या. रिकाम्या मातीच्या कुंडीत कोरडी वाळू घालून त्यात ठेवली तर उत्तम. उन्हात नको. स्क्रू काढून आत काय झालंय ते बघायला जाऊ नका. आत ५ सेल आहेत. त्यातला एखादा गेला असेल, बाकीचे अजून भरलेलेच असणार. तो गोडसर वास सेलमधल्या इलेक्ट्रोलाइटचा, म्हणजे आतल्या द्रवाचा. मोबाइलची बॅटरी फुगते कारण ती पिशवीत असते. ड्रिलमधले सेल पोलादी डबीत असतात, १८ मिमी जाड आणि ६५ मिमी उंच, म्हणूनच त्यांना १८६५० म्हणतात. ती डबी फुगत नाही. आत दाब वाढला की टोपीखालची झडप फुटते आणि वाफ बाहेर पडते. तुम्ही ऐकलात तो आवाज झडपेचा. त्यानंतर आगही लागू शकते. तुमच्या सासूबाईंना वास आला नसता तर काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

बटण बंद केलंत, अगदी बरोबर. कढईत घेऊन बाहेर नेलीत, ते त्या रात्री निभावलं, पण पुन्हा तसं करू नका. धूर दिसायला लागला की बॅटरी उचलायची नाही. माणसं बाहेर काढायची, खोलीचं दार ओढून घ्यायचं आणि १०१ ला फोन. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतं, ते फुफ्फुसाला फार वाईट. आग अगदी छोटी असेल आणि लाईट बंद केली असेल तर पाणी, तेही भरपूर. लिथियमवर पाणी चालत नाही असं बरेच लोक सांगतात, पण या सेलमध्ये लिथियम धातूच्या रूपात भरलेलं नसतं, आणि सेल थंड करायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा विझते, आतली उष्णता तशीच राहते आणि थोड्या वेळाने सेल परत पेट घेतो.

आता चूक कुठे झाली ते. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टचा होतो. पाच ओळीने जोडले की २१. कोणी पेटीवर १८ लिहितं, म्हणजे ३.६ गुणिले ५, कोणी २० लिहितं, कोणी २१. आत तेच पाच सेल. तर चार्जरने २१ च्या वर जायचंच नाही. खरा चार्जर आधी ठरावीक करंट देतो, २१ ला पोचला की तिथेच थांबून करंट कमी कमी करत नेतो आणि मग दिवा हिरवा करतो. तुमच्याकडे होता तो चार्जर नव्हेच, नुसता अडॅप्टर. २४ ला ५ ने भागा, ४.८ येतात. तो हिरवा दिवा फक्त एवढंच सांगत होता की भिंतीतून लाईट येतेय.

दोन महिने काही झालं नाही, असं तुम्ही लिहिलंय. रोज होत होतं, ताई. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पाणी थांबतं. फ्लोट अडकलाच तर वरचा ओव्हरफ्लोचा पाइप असतो. बॅटरीच्या आत एक छोटी पाटी असते, सेल सव्वाचारच्या थोडा वर गेला की ती चार्जिंग तोडते. ती पाटी म्हणजे ओव्हरफ्लोचा पाइप. फ्लोट तुमच्या अडॅप्टरमध्ये नव्हताच, आणि दोन महिने रोज रात्री टाकी ओव्हरफ्लोवर चालली होती. त्या पाटीवर छोटे काळे मॉस्फेट असतात, म्हणजे करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच. ते बिघडले की बहुतेक वेळा शॉर्टच होतात, म्हणजे दार कायमचं उघडं. स्वस्तातल्या अनेक पाट्यांवर पाचही सेल सारखे भरले जावेत अशी सोय नसते. एक सेल पुढे पळतो, बाकीचे मागे राहतात, आणि जो पुढे पळतो तोच आधी फुटतो. त्यात तुम्ही बॅटरी गरम असताना लावलीत. ४५ अंशांच्या वर लिथियम चार्ज करायचं नसतं, आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे खोलीच ३५ च्या पुढे असते. काम झाल्यावर अर्धा-पाऊण तास पंख्याखाली ठेवा. गालाला लावून गार लागली की मगच चार्जिंगला.

"बसतंय बघा" हे ऐकून ऐकून माझे कान किटले. ५.५ मिमीची ती गोल पिन राउटरला असते, सीसीटीव्हीला असते, एलईडीच्या पट्टीला असते. ५ व्होल्टचा अडॅप्टर असो नाहीतर २४ चा, पिन तीच. दुकानदाराने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण पिन बसते की नाही हे बघायला एक सेकंद लागतो, आणि अडॅप्टरच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचायला दहा. तेवढे दहा सेकंद ना त्याने दिले ना तुम्ही.

दुसरी बॅटरी. ११.६ भागिले ५, म्हणजे सेलला २.३. अडीचच्या खाली गेलेला सेल मी चार्ज करत नाही, कोणी कितीही पैसे दिले तरी. सेल फारच रिकामा राहिला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं आणि चार्ज करताना भलत्याच ठिकाणी सुयांसारखं जमतं. मग आतल्या आत शॉर्ट. व्हिडिओत दुसऱ्या बॅटरीच्या वायरी टेकवून "जिवंत" करताना दाखवतात. कृपा करून ते घरात करू नका. दोन्ही बॅटऱ्या बाद समजा.

ड्रिल मात्र चांगलं आहे, ते टाकू नका. त्याच माउंटची (ड्रिलच्या खाचेत नीट बसणारी) नवी बॅटरी आणि चार्जर जोडीने घ्या. चार्जरच्या लेबलवर आउटपुट २१ व्होल्टच हवं, आणि तो लिथियमचा चार्जर आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. बॅटरीवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का शोधा, आयएस १६०४६ आणि खाली आर अक्षरापुढे नोंदणीचा आकडा. तो नसेल तर घेऊ नका. आणि वापर नसेल तेव्हा बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण संपवून ठेवायची नाही, निम्मी ठेवायची. "पूर्ण संपवून मगच चार्ज करा" हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे, माझ्या वडिलांच्या वयाची माणसं अजून तो देतात. लिथियमला तो घातक आहे.

ग्राइंडरचं भोसरीचे दादा माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. माझं उत्तर: नाही, अजिबात नाही.

भोसरी_फॅब (भोसरी)

हाक मारलीच आहे तर सांगतो. ताई, मी रोज ८-९ तास ग्राइंडर धरतो. आठ वर्षांपूर्वी मी ज्या शेडमध्ये कामाला होतो तिथे चार इंची चकत्या संपल्या होत्या. मशीन चार इंची, हातात चकती पाच इंची. भोक २२ मिमीचं, मशीनला लागतं १६ चं, म्हणून मध्ये वॉशर टाकला. गार्डमध्ये (चकतीवरच्या संरक्षक झाकणात) चकती मावेना, म्हणून गार्ड काढला. बसली! लोखंडी चॅनेल कापताना चकती एका बाजूला दाबली गेली आणि फुटली. तुकडा भुवईवर. सात टाके. चष्मा होता म्हणून डोळा राहिला, काच मी अजून ठेवलीय, मधोमध चीर गेलेली.

चकतीवर आरपीएम, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे, लिहिलेलं असतं ते बघत चला. चार इंचीवर १५,००० च्या पुढे आकडा असतो, पाच इंचीवर १२,००० च्या जवळपास. चार इंची मशीन फिरतं ११ ते १२ हजारांनी. म्हणजे मोठी चकती लावली की हातात काही राखीव उरतच नाही. कापायच्या चकतीवर तारीखही असते, बहुतेक तीन वर्षांची. ती राळेने बांधलेली असते, पावसाळ्यात दमट जागी पडली तर कमजोर होते. मी नवीन चकती लावली की अर्धा मिनिट रिकामी फिरवतो, तोंडासमोर न धरता.

लाकडाच्या दातेरी पातीचं तर विचारूच नका. ग्राइंडरचं बटण सरकवलं की चालूच राहतं, सोडलं तरी बंद होत नाही. मुठीची पकड लाकडासाठी बनवलेलीच नाही. पातीचा दात गाठीत अडकला की मशीन उलटं अंगावर येतं, मांडीवर नाहीतर मनगटावर. आमच्या ओळखीतल्या दोन सुतारांची बोटं अशीच गेलीत. प्लायसाठी जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या बारीक पातीची करवत) घ्या. त्याहून सोपं म्हणजे भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये मापं लिहून द्या आणि कापून आणा. १४ स्टुलांचे तुकडे एका सकाळी होतील, आणि कापही काटकोनात येतील.

आणि ड्रिल चालवताना सुती हातमोजे घालू नका. बिटमध्ये धागा अडकला की अख्खा हात ओढला जातो. ओढणी, मोकळे केस, मंगळसूत्र, सगळं आत किंवा मागे बांधून.

वायरमन_कसबा (कसबा पेठ)

बॅटरीचं सगळं आलंच, मी फक्त गॅलरीचं बोलतो. ताई, तुम्ही जिगसॉ घेतलात तर तो बहुधा वायरचा असेल. गॅलरी धुतली जाते, पावसात भिजते. घरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) आहे का बघा. तिच्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं. दाबल्यावर ती पडली पाहिजे. नाही पडली तर ती फक्त शोभेला आहे, बदलून घ्या. एमसीबी (लोड वाढला की पडणारा नेहमीचा स्विच) आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसाला शॉक बसतो तेव्हा जाणारा करंट तिच्या हिशेबात फार छोटा असतो, तिला तो जाणवतही नाही.

मशीनवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं, त्याला दोन पिना असतात आणि अर्थिंग लागत नाही. तीन पिनांचं धातूचं मशीन असेल तर ती वरची जाड पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात घुसवू नका. इकडे जुन्या वाड्यांमध्ये मी दर महिन्याला अशी एक तरी पिन बघतो. एक्स्टेन्शनची गुंडाळी असेल तर काम करताना ती पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. भिंतीत भोक पाडताना बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली पाडू नका, पाइप तिथूनच गेलेला असतो.

बालवाडीची_ताई (वारजे)

तिघांचेही मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. ओव्हरफ्लोच्या पाइपापाशी त्या म्हणाल्या, "मग त्या पाइपानेच आपल्याला वाचवलं म्हणायचं." मी ४.८ चा हिशोब स्वतः कागदावर केला आणि बराच वेळ तसाच बघत बसले. दोन महिने माझी मुलगी त्या कपाटापासून चार फुटांवर झोपत होती.

जळकी बॅटरी कुंडीत वाळूत ठेवली आहे. एक विचारायचं राहिलं. ती आणि ती दुसरी, दोन्ही घंटागाडीत देऊ का?

आर्मेचर_१९९६ (रविवार पेठ)

सुक्या कचऱ्यात नाही ताई, कधीच नाही. गाडीत कचरा दाबला जातो, सेल चिरडला की गाडीच पेटते, आणि तो कचरा हाताने वेगळा करणारी माणसं शेजारीच असतात. दोन्हीच्या पत्र्याच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, वेगवेगळ्या बरण्यांत वाळूत ठेवा, बाहेर मोठ्या अक्षरात 'लिथियम बॅटरी, खराब' लिहा. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ज्या ताई तुमच्याकडे येतात त्यांना बरणी देण्याआधी तोंडी सांगा, ई-कचरा म्हणून वेगळी घ्यायची सोय कुठे आहे ते त्यांच्याकडून कळेल. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर टाकली आहे, म्हणून नवी बॅटरी घेताना दुकानात जुनीचं काय ते विचाराच. जळकी मात्र स्कूटरच्या डिकीत घालून उन्हातून नेऊ नका.

बालवाडीची_ताई (वारजे)

शनिवारचं सांगते. नवी बॅटरी आणि चार्जर जोडीने घेतला. दुकानात उभं राहून लेबल वाचलं. आउटपुट २१ व्होल्ट, १.३ अँपिअर. आयएस १६०४६ आणि आर चा आकडा, दोन्ही सापडलं. मागे लोक खोळंबले होते, पण मी वाचून होईपर्यंत पैसे दिले नाहीत. जुना अडॅप्टर कोणी चुकून लावू नये म्हणून त्याची वायर कापून टाकली.

आता चार्जिंग स्वयंपाकघरात, कडप्प्याच्या ओट्याच्या टोकाला, गॅसपासून लांब, आणि मी तिथे असतानाच. पहिल्यांदा लावली तेव्हा दर दहा मिनिटांनी हात लावून बघत होते. एक तास दहा मिनिटांनी लाल दिव्याचा हिरवा झाला. बॅटरी नुसती कोमट होती. लगेच काढली आणि प्लगही काढला.

दादा, टिंबर मार्केटमधून कापून आणलं सगळं, पायांचे ५६ तुकडे आणि वरच्या १४ फळ्या. आरसीसीबीचं बटण दाबलं तर पडली नाही, वायरमन उद्या येणार आहे. तोपर्यंत वायरचं काही चालवायचं नाही असं ठरवलंय, ड्रिल आणि हातकरवतीवर भागतंय. सहा स्टुलं उभी राहिली, आठ राहिलीत.